मुंगीचा झ

रेघोटे सरांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते हजेरीपत्रकापुरतंच उरलं होतं. सदतीस वर्षं त्यांनी पहिलीच्या मुलांकडून रेघा काढून घेतल्या. आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या, मग अर्धगोल, मग गाठ. आणि त्यातून हळूहळू अक्षर. कुणीतरी थट्टेनं ‘रेघोटे’ म्हटलं आणि ते चिकटलं. एकदा शाळेच्या वार्षिक अहवालातही तेच नाव छापून आलं. सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि अहवाल कपाटात ठेवून दिला. दुरुस्ती सुचवायची म्हणजे मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बोलायला हवं, आणि मोठ्या माणसांपुढे बोलायचं म्हटलं की सरांच्या घशाला कोरड पडे. मुलांपुढे मात्र कधी पडली नाही.

त्यांची शिकवायची रीत साधी होती. ते मुलाच्या उजव्या खांद्यामागे उभे राहत, कमरेत वाकत आणि मुलाच्या मुठीवर आपला हात ठेवत. पेन्सिल मुलाच्याच बोटांत असे. सरांचा हात नुसता बरोबर जाई, आणि वळण आलं की तेवढ्यापुरता जागा होई. दहा-पंधरा वेळा असं झालं की हात अलगद उचलून घेत. पुष्कळदा मुलाला कळतही नसे की हात केव्हाचा गेलाय आणि आपण एकटेच लिहितोय. ते म्हणत, “डोळ्याला लवकर कळतं. हाताला नाही कळत. हाताला हातानंच सांगावं लागतं.” त्यांची कंबर या वाकण्यानंच धरली होती, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

मग दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत नको ते घडलं. वर्तमानपत्रात आलं. ज्यानं केलं तो मास्तरच होता. त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. त्यांनाही एक मुलगी होती. आता परगावी नोकरीला असली तरी कधीकाळी पहिलीत होतीच. पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांना नियमांचा कागद आला. वर्गाच्या दाराला काच हवी. छताच्या कोपऱ्यात कॅमेरा हवा. वर्गात दुसरं मोठं माणूस हवं. आणि चौथा नियम: विद्यार्थ्याला स्पर्श करू नये, धोका टाळण्यासाठी करावाच लागला तर त्याच दिवशी नोंदवहीत लिहावं. शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली, पण कागदावर पहिली सही रेघोटे सरांची होती.

आणि खोटं कशाला बोला, त्या वर्षी वर्गातल्या तीस मुलांपैकी सत्तावीस मुलं हात न धरता लिहायला शिकली. सरांनी फळ्यावर मोठी अक्षरं काढली, ठिपक्यांचे कागद केले, ताटात वाळू पसरून बोटानं गिरवून घेतलं. मुलं शिकली. सरांना आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं, की मग पस्तीस वर्षं आपण कंबर मोडून घेतली ती कशासाठी? राहिलेल्या तिघांतली दोन मुलंही पुढच्या वर्षी रडतखडत मार्गाला लागली.

राहिली मुंगी.

मुंगी म्हणजे शाळेमागच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची मुलगी. पहिलीत दुसऱ्यांदा बसलेली. बोलायला चुरूचुरू, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगणारी. पण पेन्सिल हातात आली की हात दगडाचा होई. ती पेन्सिल मुठीत धरी, कागद फाटेस्तोवर दाबी आणि रेघ भलतीकडेच जाई. डोळे तपासून झाले, चांगले निघाले. हातांचे व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या, त्यांना मुलांचा हात धरायची लेखी परवानगीही होती. पण चार शाळांत मिळून त्या एकट्याच. मुंगीच्या वाट्याला महिन्यातून पाव तास यायचा. त्यात हजेरीपत्रकातल्या खऱ्या नावाचं पहिलंच अक्षर झ. नाव ठेवताना आईबापांनी लिहिणारीचा विचार केलेला दिसत नव्हता.

वर्षाअखेरीला लेखनाची पडताळणी असे. स्वतःचं नाव आणि तीन शब्दांचं एक वाक्य, एवढंच. पण दोनदा जमलं नाही की मुलाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विशेष वर्गात पाठवत. कागदावर लिहिलेलं असे, ‘तात्पुरते’. सरांच्या सदतीस वर्षांत तिथून परत आलेलं एकही मूल त्यांना आठवत नव्हतं. पडताळणीला सात आठवडे उरले तेव्हा सर दोन पेले पाणी पिऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

मोठ्या बाई वयानं लहान होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा पहिलं वर्ष सरांच्याच शेजारच्या वर्गावर होत्या.

“बाई, तिला पंधरा दिवस द्या मला. वर्गात, सगळ्यांसमोर, दार उघडं ठेवून. फक्त हात धरू द्या.”

“सर, बसा ना आधी.”

“नको, उभाच बरा आहे.”

“तुमच्यावर कुणाची शंका आहे का? माझी तरी आहे का?”

“नाही, पण—”

“नियम तुमच्याकडे बघून केलेला नाही, सर. ज्याच्याकडे बघून केलाय ना, तोही असाच होता. वीस वर्षं नोकरी, मुलं अंगाखांद्यावर. आई-वडील शपथेवर सांगत होते, हा माणूस देव आहे म्हणून.” बाईंनी नियमांचा कागद पुढे सरकवला. “आज तुम्हाला हो म्हटलं, तर उद्या दुसऱ्याला नाही कशाच्या बळावर म्हणू? चेहरा बघून?”

सरांना बाईंचं पटलं, हीच तर पंचाईत होती.

“परवानगीचा अर्ज करा,” बाई म्हणाल्या. “मी शिफारस लिहिते. नियमांसाठी नेमलेल्या समितीकडे जाईल.”

“समिती कधी बसते?”

बाईंनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. समितीची बैठक पडताळणीनंतर नऊ दिवसांनी होती. दोघंही त्या चौकोनाकडे बघत राहिले. सरांनी तरीही अर्ज केला, सुवाच्य अक्षरात.

घरी त्यांनी एक हातभर बारीक काठी घेतली आणि तिच्या टोकाला दोऱ्यानं पेन्सिल घट्ट बांधली. खाली मुलानं धरायची, वर सरांनी. हाताला हात लागायचा नाही.

“अहो, हे काय? मासे धरायला निघालात?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“जरा इकडे बस. डावा हात दे. म्हणजे देऊ नकोस, नुसता पेन्सिलीवर ठेव.”

“चाळीस वर्षं संसार झाला आणि आता म्हणतात हात देऊ नकोस.”

“चेष्टा नको गं. मी वरून चालवतो, तुला खाली काय कळतं ते सांग.”

तिनं डाव्या हातानं पेन्सिल धरली. सरांनी वरून झ काढला. कागदावर जे उमटलं ते तिनं उलटसुलट करून पाहिलं. “हा झ आहे की उलथून पडलेली खुर्ची?”

“वळण कुठे हरवलं?”

“मला काय ठाऊक? वरून तुम्ही ओढता, खाली माझा हात म्हणतो, मी का जाऊ? माझा उजवा हात बरा होता हो. तो तुमचं ऐकत नसला तरी निदान लिहितो तरी.”

आठवडाभर जेवणानंतर दोघं काठी धरून बसली. बायकोचा डावा झ बऱ्यापैकी झाला, आणि सर काठी घेऊन शाळेत गेले.

वर्गात काठी दिसताच दंगा उसळला. सगळ्यांनाच लांब पेन्सिल हवी होती. मुंगी मात्र पहिल्यांदाच पेन्सिल बघून हसली. दुसरं मोठं माणूस म्हणून वर्गात बसणाऱ्या मदतनीस बाई भल्या होत्या, पण भित्र्या. त्या म्हणाल्या, “सर, टोक डोळ्यात गेलं तर? नोंद माझ्या नावावर येईल.” म्हणून त्यांनी विज्ञानाच्या खोलीतून डोळ्यांवर लावायचा जाड प्लास्टिकचा चष्मा आणला. तो मुंगीच्या नाकावरून सारखा घसरे. एका हातानं ती चष्मा सावरी, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि वर काठीचं टोक धरून सर. दाराच्या काचेतून शेजारच्या वर्गाचे गणिताचे सर डोकावले आणि तोंडावर हात ठेवून निघून गेले.

उभी रेघ जमली. आडवीही जमली. सरांनी मनात दिवस मोजले. पण झ ची वळणं येईनात. वळणावर काठीचं वरचं टोक एक सांगे आणि खालचं टोक भलतंच करी. तीन आठवडे गेले, चार गेले. मुंगीला आता काठीची गंमत उरली नव्हती. एकदा ती म्हणाली, “सर, माझा हात वेडा आहे का?”

“नाही गं.”

“मग मी वेडी आहे?”

सरांनी फळा पुसायला घेतला, तो तसा पुसलेलाच होता.

पडताळणीला आठ दिवस राहिले होते. एका मुलाचा घोळणा फुटला म्हणून मदतनीस बाई त्याला घेऊन बाहेर गेल्या. सर फळ्याशी होते. टक्टक् असा आवाज आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर मुंगी उजव्या हातातली पेन्सिल डाव्या तळव्यात खुपसत होती. रडत नव्हती. कामच करत असल्यासारखी, दात आवळून, एकामागून एक. टोक कधी तळव्यात जाई, कधी बाकावर आपटे.

सर धावले आणि त्यांनी तिची उजवी मूठ धरली. घट्ट धरली तसं टोचणं थांबलं. डाव्या तळव्यावर काळे ठिपके उठले होते, एका ठिकाणी रक्ताचा थेंब. खरं तर तिथेच हात सोडायचा. धोका टळला होता. पण समोर कागद होता, हातात हात होता, पेन्सिलीचं टोक शाबूत होतं. सर तिच्या खांद्यामागे आले, वाकले, आणि त्यांच्या हातानं तिच्या हाताला सांगितलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी वळणावर तिची मूठ स्वतःहून हलली. सरांना ते तळहाताला कळलं, आधी पस्तीस वर्षं कळत होतं तसं. चौथ्या वेळी त्यांनी हात उचलला.

पाचवा झ मुंगीनं काढला. वाकडा होता, पोट सुटलेला होता, पण शाळेतल्या कुठल्याही माणसानं तो झ म्हणूनच वाचला असता.

“सर, हा मी काढला?”

“तूच काढलास.”

“परत काढू?”

तिनं कागदभर झ काढले. मदतनीस बाई परत आल्या तेव्हा सर खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते.

शाळा सुटल्यावर त्यांनी शिक्षकांच्या खोलीत नोंदवही उघडली. तारीख, वेळ, मुलीचं नाव. ‘विद्यार्थिनी स्वतःच्या तळहातात पेन्सिल टोचत असल्याने तिचा हात धरला. तळहात धुऊन औषध लावण्यास मदतनीस बाईंना सांगितले.’ मग त्यांनी पेन टेकवून थोडा विचार केला आणि पुढे लिहिलं, ‘त्यानंतर तोच हात धरून चार वेळा अक्षर गिरवून घेतले. त्या वेळी वर्गात दुसरी मोठी व्यक्ती नव्हती.’ खाली सही केली.

गणिताचे सर खांद्यावरून वाचत होते. “अहो रेघोटे, काय करताय हे? पहिलं वाक्य पुरे होतं की!”

“पण चार वेळा धरला ना.”

“कुणी मोजायला बसलं होतं? धोका होता, हात धरला, संपलं. पुढचं खोडा.”

“वहीत खाडाखोड चालत नाही.”

“मग पान फाडा. मी पाहिलं नाही.”

“पानांवर आकडे आहेत,” सर म्हणाले. वही मिटता मिटता पुढे म्हणाले, “आणि मी नाही लिहिलं, तर जो लिहीत नाही त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?”

गणिताच्या सरांनी कपाळावर हात मारला. “फरक असा राहील, की तो वर्गावर राहील.”

वही दर शुक्रवारी समितीकडे जाई. परवानगीच्या अर्जाला वेळ लागत होता. नोंदीला लागला नाही. सोमवारी सकाळी सरांना वर्गाच्या दारातच चिठ्ठी मिळाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत वर्गावर जाऊ नये. ग्रंथालयात बसावं.

चौकशीला तिघं होती. मोठ्या बाई, समितीच्या एक बाई, आणि पालकांच्या वतीनं एक गृहस्थ. टेबलावर पडदा लावून कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. चित्रात मूठ नव्हती, पेन्सिल नव्हती, मुंगीही नव्हती. होती ती नुसती सरांची वाकलेली पाठ. दीड मिनिट पाठ. सर स्वतःची पाठ बघत होते, आणि त्यांना वाटलं, मी या माणसाला ओळखत नसतो तर मलाही बरं वाटलं नसतं.

समितीच्या बाईंचा आवाज मऊ होता. “मुलीचा हात धरण्याआधी तुम्ही तिला विचारलंत का?”

“ती टोचून घेत होती.”

“ते बरोबरच केलंत. मी त्याच्यानंतरचं विचारतेय. गिरवून घेताना. धरू का, असं विचारलंत?”

“नाही.”

“आणि इतकी वर्षं? एखाद्या मुलाला?”

सरांनी आठवून पाहिलं. हजारभर मुठी तरी असतील. घामेजलेल्या, शाईच्या, खरजेच्या, एका बोटात अंगठी अडकलेली. एक मुलगा होता, हात ठेवला की डोळे मिटून घेई. सरांना तेव्हा वाटलं होतं, एकाग्र होतोय.

“नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही विचारलं.”

समितीच्या बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांचा सूर काही टोचून बोलण्याचा नव्हता. तसा असता तर सरांना सोपं गेलं असतं.

मुंगीलाही विचारलं गेलं, तीनदा. एकदा मोठ्या बाईंनी, एकदा समितीच्या बाईंनी, एकदा मुलांशी बोलायला खास शिकलेल्या ताईंनी. तिन्ही वेळा गोडीनं, खाऊ देऊन. सरांनी हात कसा धरला? कुठे धरला? तुला तेव्हा कसं वाटलं? आवडलं नाही का? कुणी हात धरलेला आवडला नाही तर काय म्हणायचं असतं? पहिल्यांदा ती म्हणाली, सरांनी मला झ दिला. दुसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही. तिसऱ्यांदा तिनं उजवा हात फ्रॉकच्या खिशात घातला आणि काढलाच नाही. तिच्या आईला दुकानातून दोनदा बोलावलं गेलं. बिचारी घाबरून प्रत्येक प्रश्नाला “तुम्ही म्हणाल तसं” एवढंच म्हणत होती.

निकाल लागला. ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ गणिताचे सर धावत ग्रंथालयात आले. “सुटलात की हो!” पण खाली आणखी दोन ओळी होत्या. नियमभंग झाल्याची समज देण्यात येत आहे. सेवेचे उरलेले वर्ष सरांनी ग्रंथालयाचं काम बघावं.

पडताळणी तोवर होऊन गेली होती. ती दुसऱ्या वर्गाच्या बाईंनी घेतली. त्यांनीच सरांना सांगितलं. मुंगी वेळेवर आली, बाकावर बसली, आणि दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून ठेवले. “मी किती समजावलं, सर. नुसतं पहिलं अक्षर काढ म्हटलं. तिला येतं ना हो ते? तुम्ही म्हणाला होतात. पण हातच वर काढेना. अर्धा तास. मग वेळ संपला.”

“रडली का?”

“नाही. रडली असती तर बरं.”

सरांचा परवानगीचा अर्ज नऊ दिवसांनी समितीपुढे आला. विद्यार्थिनी आता या शाळेत नसल्यानं तो निकाली काढण्यात आला.

शनिवारी सर लाँड्रीत गेले. दोन शर्ट द्यायचे होते, ते निमित्त. दुकान अरुंद होतं, वाफेनं भरलेलं. मुंगीची आई इस्त्री बाजूला ठेवून पदराला हात पुसत पुढे आली. “सर, मला माफ करा हो. मला काही बोलता आलं नाही तिथे.”

“तुमचं काय चुकलं? मलाही नाही आलं.”

मुंगी कपड्यांच्या गाठोड्यावर बसली होती. शेजारी वहीचं एक पान पडलं होतं, इस्त्रीच्या पावत्यांचं, मागची बाजू कोरी, आणि त्यावर पेन्सिल. सरांनी पान पाहिलं, मुंगीकडे पाहिलं. हात खिशात होता. सर दुकानाच्या फळीअलीकडेच थांबले. त्यांच्या घशाला कोरड पडली. मुलापुढे ती पहिल्यांदाच पडत होती.

“मुंगे,” ते म्हणाले, “एकदा काढायचा का आपण? मी हात धरू का?”

मुंगीनं विचार केला. तिनं अगदी खरोखर विचार केला. सरांना ते तिच्या कपाळावर दिसलं. मग तिनं आईकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे.

“नको,” ती म्हणाली.

“अगं सर आहेत ना!” आईनं पुढे होऊन तिचा हात खिशातून ओढला. “इतक्या लांबून आलेत तुझ्यासाठी. दे हात.”

मूठ बाहेर आली. घट्ट मिटलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली.

“ओढू नका तिला,” सर म्हणाले. “नको म्हणाली ना ती.”

आईनं हात सोडला. तो पुन्हा खिशात गेला. सरांनी शर्ट फळीवर ठेवले. आईनं पावती करायला तेच पान उचललं, अर्धं फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूकडे न बघता दुसऱ्या बाजूला दोन शर्ट असं लिहून दिलं. विशेष वर्गाची गाडी सोमवारपासून येणार होती, सकाळी पावणेसातला, दुकानासमोरच. तेवढ्या लवकर तिला उठवायचं कसं, हे आई सरांना सांगत राहिली, आणि सर मान हलवत राहिले.